वेकफील्डच्या शेतात '१०९' आकड्याचं बटण सापडलंय, ओळख पटवायला मदत हवी

माळावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी लीड्सच्या दक्षिणेला राहते. पन्नाशीला नवऱ्याने मेटल डिटेक्टर भेट दिला, त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून कापणी झाली की माझे रविवार शेतातच जातात.

परवा वेकफील्डजवळच्या एका शेतात होते. शेतकऱ्याची लेखी परवानगी आहे आणि जे सापडेल ते दोघांत अर्धं अर्धं असा कागदही केलाय. या शेतात पूर्वी रुबार्ब (आंबट देठांचं एक पीक) असायचा, हल्ली गहू घेतात. आता नुसती धसकटं आहेत. लोखंडावर यंत्र घोगरं बोलतं, पितळेवर स्वच्छ वाजतं. दोन तास घोगराच आवाज होता, नालांचे तुकडे आणि ट्रॅक्टरचे बोल्ट. मग कुंपणापासून वीसेक पावलांवर एक आवाज लागला. कॉइल कुठल्याही बाजूने फिरवली तरी तो तसाच येत होता. वीतभर खणलं, ढेकूळ फोडलं, तर आत हिरवट गोल चकती. अंगठ्याने माती पुसली तशी आधी शून्य दिसलं, मग त्याच्या दोन बाजूंना एक आणि नऊ.

बटण आहे. व्यास २२ मिलिमीटर, पितळेचं, किंचित फुगीर. पुढचा आणि मागचा असे दोन पत्रे कडेला दुमडून बसवलेत. मागची कडी वाकलीय पण शाबूत आहे. मागच्या बाजूला गोलाकार अक्षरं आहेत, पण 'बर्मिंगहॅम' सोडून काही वाचता येत नाही. मुलामा कुठे दिसत नाही.

सैन्याचं असावं एवढं कळतंय. १०९ म्हणजे कोण? आणि आता याचं काय करू, धुऊ का?

गुळांबा

ताई, भारीच! चिंच आणि मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, आमच्या देवाच्या समया अशाच लखलखतात.

नाणेवेडा

नको नको, कृपा करून चिंच लावू नका! समई रोजच्या वापरातली असते. मातीतून निघालेल्या पितळेवरचा तो हिरवा-तपकिरी थर म्हणजेच आता त्या बटणाचं कातडं आहे. आकड्याचे काठ त्यावरच टिकून आहेत. आंबट लागलं की तो थर जातो, खालचा धातू खडबडीत आणि गुलाबी होतो, आणि मागची पुसट अक्षरं कायमची जातात. मी विशीत असताना एका शिवराईवर लिंबू चोळलं होतं. ते नाणं अजून माझ्याकडे आहे, त्यावरचं अक्षर मात्र राहिलं नाही.

डिस्टिल्ड पाण्यात थोडा वेळ ठेवा, मऊ ब्रशने सुटी माती काढा, सावलीत पूर्ण वाळवा. मग कागदाच्या पुडीत घाला आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका. त्याआधी एक काम करा, ते सगळ्यात महत्त्वाचं: नेमकी जागा लिहून ठेवा. जीपीएसचे आकडे, खोली, आजूबाजूला काय निघालं तेही. बटण पन्नास वर्षांनीही तपासता येईल, पण जागा आज लिहिली नाही तर परत मिळायची नाही.

माळावरची

धन्यवाद दादा, चिंच लावली नाही. जागा तेव्हाच फोनवर नोंदवली होती, आता वहीतही उतरवली.

पलटणवाला

रुमाल टाकून (जागा धरून) गेलो होतो, आता सविस्तर लिहितो.

ब्रिटिश पायदळाच्या बटणांवर पलटणीचा आकडा घालायचा हुकूम १७६७चा. त्याआधी बटणं कोरी असत. १०९ हा आकडा वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या पलटणींना मिळाला, म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

पहिली १०९वी होती १७६१ ते १७६३. ती आकड्यांच्या हुकुमाआधीच मोडली, म्हणजे बाद. दुसरी १७९४ साली स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरमध्ये उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी मोडून तिचे लोक दुसरीकडे वाटले गेले. तेव्हा शिपायांची बटणं प्यूटरची, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूची असत. कल्हईवाल्याच्या कथलासारखी करडी आणि एकसंध ओतलेली. शिपायांना पितळेची बटणं १८५५पासून मिळाली. तुमचं दोन पत्र्यांचं पितळी बटण या दुसऱ्या १०९चं नाही.

तिसरी मात्र आपल्या घरची म्हणावी अशी आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं गोऱ्या शिपायांचं वेगळं सैन्य होतं. १८५७नंतर कंपनीचं राज्य गेलं आणि त्या पलटणी राणीच्या सैन्यात घेतल्या. १८६२ साली त्यांना १०१ ते १०९ आकडे मिळाले. यांतल्या तीन मुंबई इलाख्याच्या: १०३, १०६ आणि १०९. सगळ्यात शेवटची १०९वी, तिचं नाव '१०९वी बॉम्बे इन्फंट्री'. त्याआधी ती होती थर्ड बॉम्बे युरोपियन रेजिमेंट.

१८७१ साली साध्या शिपायांच्या बटणांवरून पलटणींचे आकडे काढले आणि सगळ्यांना राजचिन्हाचं एकसारखं बटण दिलं. अधिकाऱ्यांचे आकडे १८८१पर्यंत टिकले, पण त्यांच्या बटणांवर सोन्याचा मुलामा असे. तुमच्या बटणाला मुलामा नाही, म्हणजे ते शिपायाचं असणार. तसं असेल तर १८६२ ते १८७१ या नऊ वर्षांतलं, आणि तेही एकाच पलटणीचं. ताई, हे फार दुर्मिळ आहे हो. माझ्या तीस वर्षांच्या बटणवेडात शिपायाचं १०९ मी हातात घेतलेलं नाही.

एकच अडचण राहते. १९०३ साली हिंदी सैन्याच्या पलटणींचे आकडे बदलले तेव्हा जुनी नववी बॉम्बे इन्फंट्रीही '१०९वी इन्फंट्री' झाली. ती शक्यता मिटवायला एखाद्या संग्रहातल्या तारीख ठाऊक असलेल्या नमुन्याशी ठसा ताडून बघावा लागेल.

झाशीकर

थर्ड बॉम्बे युरोपियन हे नाव वाचून थांबलो.

आमचं घराणं सहा पिढ्या झाशीत आहे. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली. ही पलटण झाशीवर आली होती. ३ एप्रिल १८५८. आजोबा आम्हाला दक्षिणेकडच्या तटापाशी नेऊन सांगायचे, इथे शिड्या लागल्या. म्हणजे हे बटण आमच्या तटावर चढलेल्या माणसाचं आहे. ताई, तुमच्यावर राग नाही, पण ते तुम्ही तळहातावर घेतलंत ही कल्पनाच मला सोसत नाहीये. आणि तरी ते बघायचंही आहे.

पलटणवाला

झाशीकर, तुमचा इतिहास खरा आहे. झाशीवर चालून आलेला इंग्रज सेनापती ह्यू रोज, त्याच्या सैन्यात ही पलटण उजव्या फळीला होती, शिड्या घेऊन. वरून असा मारा झाला की काही शिड्या मोडल्या. 'सेंट्रल इंडिया' हा मान या पलटणीच्या निशाणावर आहे, तो त्याच मोहिमेचा.

पण हे बटण झाशीला नव्हतं. १०९ हा आकडा झाशीनंतर चार वर्षांनी मिळालाय, १८५८ साली त्या गणवेशावर तो असणं शक्यच नाही. अंगात घालणारा माणूस झाशीला होता का, तर असू शकेल, पण तेही गृहीत धरू नका. कंपनीकडून राणीकडे आपली परस्पर बदली झाली म्हणून गोऱ्या शिपायांनी १८५९ साली मोठी कुरबुर केली होती. सुमारे दहा हजारांनी नाव कमी करून घेऊन घरची वाट धरली. त्यामुळे १८६२ साली पलटणीत जुनेही होते आणि कोरे रंगरूटही.

पेणकर

आमच्याकडच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या दिवसांत झाशीतच अडकले होते. तट पडल्यावर शहरात काय झालं, घराघरांत शिरून कसं मारलं, लुटीचे दिवस कसे गेले, हे एका मराठी भिक्षुकाने डोळ्यांनी पाहून लिहून ठेवलंय. १९०७ साली ते छापलं गेलं. त्यांच्या लिहिण्यात पलटणींचे नंबर नाहीत. त्यांना फक्त गोरे आलेले दिसले. इथे आपण नंबरावरून तपास करतोय, आणि ज्यांच्या अंगणात हे घडलं त्यांना नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. दोन्ही बाजू शेजारी ठेवून वाचाव्यात असं वाटलं म्हणून लिहिलं.

सुभेदारांची_पणती

जड जातंय लिहायला, तरी लिहिते. त्या दिवशी डाव्या फळीला खिंडारातून शिरलेल्यांत पंचविसावी बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीही होती. मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोकणातले, घाटावरचे मराठी बोलणारे शिपाई होते. आमच्या घरातही पलटणीची पेन्शन खाल्लेली पिढी आहे. झाशीकर, तटाच्या दोन्ही बाजूंना मराठी ऐकू येत असणार. मला त्याचं काय करावं हे अजून उमगलेलं नाही.

झाशीकर

पणतीताई, हे आम्हाला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. बरं झालं लिहिलंत.

धोतीचा_सोगा

सगळं वाचतोय. पण मुंबईच्या पलटणीचं बटण यॉर्कशरच्या रुबार्बच्या शेतात कसं पोचलं? तिथे छावणी होती का?

लोकरीचा_धागा

याचं उत्तर मला ठाऊक आहे, कारण माझी अख्खी नोकरी कापड धंद्यात गेली.

वेकफील्डच्या शेजारी बॅटली आणि ड्यूसबरी ही गावं आहेत. १८१३च्या सुमारास बॅटलीत बेंजामिन लॉ याने जुन्या लोकरी चिंध्या दळून, थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढायची रीत बसवली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणतात. पुढे देशोदेशीच्या चिंध्यांचे गठ्ठे ड्यूसबरीत लिलावाला यायला लागले, त्यात सैन्यांचे जुने कोट ढिगांनी असत. चिंध्या निवडायच्या कामाला बहुतेक बायका. शिवणी उसवायच्या, अस्तर फाडायचं, बटणं कापायची. कारण चिंध्या फाडणाऱ्या यंत्राच्या दातांत धातू गेला तर दात मोडायचे. त्या यंत्राचं नावच 'डेव्हिल'.

दळताना खाली जो चुरा पडे तो टाकून देत नसत, तो खत म्हणून शेतात जाई. लोकरीत नायट्रोजन भरपूर असतो आणि तो हळूहळू सुटतो. रुबार्बला हे खत फारच मानवलं. वेकफील्ड, मॉर्ली, रॉदवेल हा 'रुबार्ब त्रिकोण' त्यावरच पोसला. हिवाळ्यात अंधाऱ्या कोठारात मेणबत्तीच्या उजेडात काढतात तो हाच रुबार्ब. आता निवडणाऱ्या बाईच्या नजरेतून सुटलेलं बटण चिंध्यांच्या कचऱ्याबरोबर गाडीत आणि गाडीतून वाफ्यात. या भागात सैन्याची बटणं सापडतात ती अशी, त्यासाठी छावणी असायची गरज नाही.

आणि एक सांगतो. बॅटली-ड्यूसबरीचा तो धंदा आता जवळपास संपलाय. जगभरच्या जुन्या स्वेटरांच्या आणि कोटांच्या चिंध्या आज कुठे दळल्या जातात माहीत आहे? पानिपतला. तिथल्या गिरण्यांत त्यांच्या घोंगड्या होतात. मी कामासाठी तिथे गेलो होतो. एका गोदामात छतापर्यंत परदेशी कोट रचलेले होते आणि बायका मांडी घालून बटणं कापत बसल्या होत्या.

धोतीचा_सोगा

बाप रे. वाखूसाठी (वाचनखूण म्हणून) ठेवतोय हा प्रतिसाद.

गडप्रेमी_२१

मस्त धागा! मी पण डिटेक्टर घ्यायचं म्हणतोय. ऑनलाइन स्वस्तात मिळतोय. आमच्या इथल्या किल्ल्यावर पावसाळ्यानंतर गेलो तर तोफगोळे, नाणी मिळतील ना?

वकीलकाका

बाळा, नको. रागावत नाही, पण नीट ऐक.

संरक्षित स्मारकांसाठी केंद्राचा १९५८चा कायदा आहे आणि राज्याचा १९६०चा. किल्ल्यावर परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. केंद्र संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते. आणि तुझ्या स्वतःच्या शेतात नांगराला काही लागलं तरी १८७८चा निखात निधी कायदा आहे: दहा रुपयांवर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. दहा रुपयांचा आकडा तेव्हाचा आहे, तो आजही तसाच आहे.

कायदा बाजूला ठेव. गुप्तधनाच्या नादाने आपल्या गडांवर किती जोती उखडली गेलीत ते तू स्वतः पाहिलं असशील. गडावर नाणं मिळालं तर ते कुठल्या थरात, कुठल्या वाड्याच्या कोपऱ्यात, कशाशेजारी होतं यावर त्याचा अर्थ ठरतो. तू ते खिशात घालून खाली आणलंस की उरला फक्त धातू. गडावर हिंडायचंच असेल तर संवर्धन करणाऱ्या मंडळींबरोबर जा. टाकी साफ करायला, झाडोरा काढायला हात कमीच पडतात.

गडप्रेमी_२१

काका, हे खरंच माहीत नव्हतं. नाही घेत. मोहिमेत नाव घालतो.

अटकेपार

मग इंग्लंडात बरं चालतं?

माळावरची

इथेही रान मोकळं नाही. मालकाच्या परवानगीशिवाय शेतात पाऊलही टाकायचं नाही, आणि संरक्षित प्राचीन स्थळांवर यंत्र वापरायला १९७९च्या कायद्याने बंदी आहे. १९९६च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनं सोन्याचांदीचं काही किंवा नाण्यांचा साठा मिळाला तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. २०२३पासून दोनशे वर्षांवरच्या अतिमहत्त्वाच्या वस्तूही त्यात आल्यात. बाकी वस्तूंसाठी ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली १९९७पासून नोंदणीची योजना आहे. ती ऐच्छिक आहे, तरी तिच्यात पंधरा लाखांवर वस्तू नोंदल्या गेल्यात. प्रत्येक भागात त्यासाठी एक अधिकारी असतो. माझं बटण ट्रेझरमध्ये बसत नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे घेऊन जातेय.

माळावरची (तीन आठवड्यांनी)

मंडळी, खबर आणलीय.

अधिकारी बाईंनी बटण भिंगाखाली घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं, धुतलं नाहीत ना? नाणेवेडा दादा, तुमची आठवण आली. एवढ्या अलीकडच्या वस्तू त्या सहसा नोंदत नाहीत, पण पलटण आणि चिंध्यांच्या खताचा दुवा ऐकून त्यांनी ही नोंद घेतली. त्यांनीच पुढे एका लष्करी संग्रहालयाकडे फोटो पाठवले. तिथे १८६०च्या दशकातलं शिपायाचं बटण आहे, त्याच ठशाचं. नवाच्या शेपटीचं वळणसुद्धा जुळलं. पलटणवाला दादा, १९०३ची शक्यता मिटली. १०९वी बॉम्बे इन्फंट्री, तुम्ही म्हणालात तेच.

शेतकऱ्याला सांगायला गेले तर त्याच्या वडिलांनी गोठ्यातून जॅमची बरणी आणली. नव्वदीचे आहेत. पोरपणी चिंध्यांच्या ढिगातून बटणं वेचून या बरणीत टाकायचे. मी सगळी ओतून पाहिली. राजचिन्हाची पुष्कळ, काही रेल्वेची, दोन फ्रेंच. १०९ एकही नाही. आणि कुठलं बटण कुठल्या शेतातलं हे त्यांना आता आठवत नाही.

पलटणवाला

ताई, अभिनंदन. पुढचंही सांगून टाकतो: १८८१ साली आकडे गेले तेव्हा ही पलटण शंभराव्यात मिसळून आयर्लंडची लीन्स्टर रेजिमेंट झाली. आयर्लंड वेगळं झाल्यावर १९२२ साली तीही मोडली आणि तिची निशाणं विंडसरच्या किल्ल्यात ठेवली गेली. या बटणाचं वारसदार म्हणावं असं कुणीच उरलेलं नाही.

झाशीकर

ताई, एक विचारू? हे बटण झाशीला येऊ शकेल का? राग म्हणून नाही. ते इथे असावं असं मला का वाटतंय हे मलाही सांगता येत नाही.

माळावरची

दादा, मी चौकशी केली. इथल्या मातीतून निघालेली पन्नास वर्षांवरची कुठलीही वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो, किंमत कितीही असो. शिवाय अर्धं बटण शेतकऱ्याचं आहे. तो म्हणाला, माझं अर्धं मी सोडतो. पण संग्रहालयाने ते मागितलंय, आणि ते इथेच, नोंदीजवळ राहावं असं मला वाटतं. मी दुसरं करते. अधिकारी बाईंच्या परवानगीने त्याचा ठसा घेऊन प्लास्टरची प्रत केलीय, मागची अक्षरंसुद्धा उमटलीत. पत्ता मला निरोपात पाठवा.

झाशीकर (महिन्याभराने)

प्रत पोचली ताई. डबीत कापूस घालून पाठवलीत, एक टवकाही उडाला नाही.

आईला आता नीट दिसत नाही. तिने बोटाने चाचपून आकडे वाचले, एक, शून्य, नऊ. मग म्हणाली, त्या बाईंना विचार, ज्याच्या अंगावर होतं त्याचं नाव कळलं का?

माळावरची

आईंना माझा नमस्कार सांगा. नाव नाही कळलं. बटणावरचा आकडा पलटणीचा, शिपायाचा नाही. शिपायाचा स्वतःचा नंबर कोटाच्या आत, अस्तरावर शाईने मारलेला असायचा. तो कोट इथल्याच मातीत गेला.